टेबलावरची वस्तु आणि सरळ नजर

छायाचित्रणकलेविषयीं आपल्याकडे जी थोडीबहुत टीका लिहिली जाते, तिच्यांत टेबलावर मांडून घेतलेल्या चित्रांचा विचार बहुधा नसतोच. निसर्गदृश्यें, व्यक्तिचित्रें, फार झालें तर बाजारांतल्या गर्दीचीं चित्रें, एवढ्यावर टीकाकाराची लेखणी थांबते. एखादी पोथी, नाणें, ताम्रपट किंवा सुताराचें हत्यार टेबलावर ठेवून त्याची प्रतिमा घेणें हें कारकुनी काम होय, कलेचा आणि त्याचा संबंध काय, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या मंडळींतही दृढ आहे. ही समजूत केवळ कलाविचाराच्या दृष्टीनें चुकीची असती तर तिच्यासाठीं आम्ही या मासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. परंतु आपल्या घराघरांतून पडलेल्या जुन्या कागदांची जी छायाचित्रें आज हजारोंनीं घेतलीं जात आहेत, त्यांतील बरीचशी या समजुतीपायीं निकामी ठरत आहेत, आणि मूळ कागद कायमचे टिकणार नाहींत हें तर उघडच आहे.

प्रश्न दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. कॅमेऱ्यांत प्रतिमा धरणारा जो सपाट भाग असतो, मग ती पूर्वींची कांच असो, फिल्म असो, कीं आजचा संवेदक असो, तो आणि समोर मांडलेल्या वस्तूचा पृष्ठभाग हे परस्परांस समांतर असले पाहिजेत. ते तसे नसले म्हणजे वस्तूची एक कड भिंगाजवळ व दुसरी दूर पडते. जवळची कड मोठी व दूरची लहान उमटते. चौकोनाचा समलंब होतो आणि वर्तुळ लांबट दिसूं लागतें. एवढें भूमितीचें ज्ञान शाळेंतल्या मुलासही असतें. पण त्यामुळें किती फरक पडतो याचा हिशेब मात्र थोडेच करतात. तीस सेंटीमीटर लांबरुंद कागद साठ सेंटीमीटर अंतरावरून टिपतांना कॅमेरा अवघा एक अंश कलला, तर समोरासमोरच्या दोन कडांत अडीच मिलिमीटरांहून अधिक तफावत येते. पांच अंश कलला तर ती तेरा मिलिमीटरांच्या घरांत जाते. पांच अंशांचा कल नुसत्या डोळ्यांना जाणवतोच असें नाहीं. हातांत फोन धरून टेबलावर वांकणारा मनुष्य त्याहून पुष्कळ अधिक कललेला असतो, आणि शिवाय आपली सांवली कागदावर पडूं नये म्हणून तो बुद्ध्याच एका अंगास सरकतो!

छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेंतच ही अडचण उभी राहिलेली आहे. हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थानें १८४४ ते १८४६ या काळांत ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा छायाचित्रांनीं सजविलेला ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. त्यांत चिनी मातीच्या भांड्यांची मांडणी आहे, फळीवरचीं पुस्तकें आहेत, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचीं अशीं दोन चित्रें आहेत. एक जुन्या छापील पानाचें व दुसरें एका शिळाछाप चित्राचें. पहिल्यासाठीं टॅल्बटनें कॅमेरा वापरलाच नाहीं. पान सरळ प्रकाशग्राही कागदावर दाबून ठेवलें व उजेड दिला. मूळ आणि प्रतिमा यांचा प्रत्यक्ष स्पर्श असल्यामुळें समांतरतेचा प्रश्नच उद्भवला नाहीं. दुसऱ्यासाठीं मात्र त्यानें कॅमेरा घेतला, कारण त्यायोगें प्रतिमा वाटेल तेवढी लहानमोठी करतां येते. आकार बदलण्याचें हें स्वातंत्र्य ज्या क्षणीं मिळालें त्याच क्षणीं आकार बिघडविण्याची सोयही झाली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या नकाशाखात्यानें मोठ्या नकाशांवरून लहान नकाशे कॅमेऱ्यानें करण्यास आरंभ केला, तेव्हां एवढ्याशा कलानें अंतरें चुकतील कीं काय ही शंका सरकारी कामाचा विषय झाली. त्याच खात्यानें १८६१ नंतर ‘डूम्सडे बुक’ या अकराव्या शतकांतील जमाबंदीच्या वहीच्या छायाप्रती काढून छापल्या. नकाशा आणि दफ्तर या दोहोंनीं मिळून या साध्या वाटणाऱ्या कामास शिस्त लावली असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण शिस्त म्हणजे कला नव्हे, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं आम्ही एका अमेरिकन छायाचित्रकाराच्या पांच चित्रांकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. वॉकर एव्हन्स (१९०३–१९७५) याचें नांव त्यानें १९३६ सालीं ॲलाबामांतील गरीब शेतकऱ्यांच्या घरांचीं जीं चित्रें घेतलीं त्यांमुळें सर्वत्र झालें. जेम्स एजी याच्या गद्यासह तीं १९४१ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. त्या चित्रांतही घराच्या फळ्यांची भिंत, दार, खिडकी हीं बहुधा अगदीं समोरासमोर उभीं केलेलीं दिसतात; कोनांतून घेऊन खोलीचा भास वाढविण्याचा मोह एव्हन्सला फारसा झालेला नाहीं. पुढें तो ‘फॉर्च्यून’ या व्यापारी मासिकांत नोकरीस राहिला आणि त्या मासिकाच्या जुलै १९५५ च्या अंकांत त्यानें सामान्य हत्यारांच्या सौंदर्यावर एक लहानसा चित्रलेख दिला. निमुळत्या तोंडाची पक्कड, पत्रा कापण्याची कात्री, पाना, गवंड्याची लहान थापी, खोकीं उघडण्याचें हत्यार, अशा एकेका वस्तूचें एकेक चित्र. पार्श्वभूमि कोरी व करडी. सोबतीस दुसरी वस्तु नाहीं, माणसाचा हात नाहीं, लांकडाचा भुसा नाहीं. नांवाच्या जागीं वस्तूचें नांव, कारखानदाराचें नांव, आणि तिची किंमत डॉलर-सेंटांत! लोखंडी सामानाचें दुकान म्हणजे चांगले, स्वच्छ आकार ओळखणाऱ्यास एक आगळें संग्रहालयच होय, असा सोबतच्या टिपणाचा आशय आहे.

हीं चित्रें पाहतांना पहिल्यानें मनांत येतें तें हें कीं, येथें छायाचित्रकारानें कांहींच केलेलें नाहीं. आणि थोडा वेळ पाहिल्यावर ध्यानांत येतें कीं, ‘कांहींच न करणें’ हें येथें किती श्रमानें साधलें आहे. पक्कडीचे दोन पाय मध्याच्या खिळ्यापासून सारख्याच वांकानें खालीं आले आहेत. कॅमेरा किंचित् कलला असता तर एक पाय दुसऱ्यापेक्षां जाड दिसला असता, आणि ती पक्कड पाहणाऱ्याकडे झुकलेली, म्हणजे पर्यायानें कांहीं सांगूं पाहणारी झाली असती. एव्हन्सला ती कांहीं सांगावयास नको आहे. ती आहे एवढेंच त्याला दाखवावयाचें आहे. वस्तूचें मोठेपण फुगवून दाखविणारे जे नेहमींचे उपाय असतात, खालून पाहणें, जवळचें टोंक अंगावर येईल असें करणें, सावल्या लांबविणें, ते सर्व कॅमेरा तिरपा धरण्यावर किंवा दिवा नाटकी ठेवण्यावर अवलंबून असतात. सरळ नजरेनें त्यानें त्यांतला अर्धा व्यापार मुळांतच बंद केला. जाहिरातीच्या चित्रांनीं ओतप्रोत भरलेल्या मासिकांत, किमतीसकट, जाहिरातीसारखीं मुळींच नसलेलीं चित्रें त्यानें छापून दाखविलीं, यांतला खोंचक विनोद आम्हांस फार आवडतो.

तथापि पांचही चित्रें सारख्या तोलाचीं आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. पक्कड, कात्री व पाना यांचा सगळा अर्थ त्यांच्या बाह्यरेषेंत आहे. तीं जवळजवळ एका पातळींत राहणारीं हत्यारें आहेत, आणि समोरून पाहिलें म्हणजे त्यांचें कांहीं हरवत नाहीं. थापीची गोष्ट वेगळी. थापीचें पान आणि तिची मूठ एका पातळींत नसतात. पानापासून वर उठलेला जो वांकडा दांडा असतो त्यामुळेंच गवंड्याचीं बोटें चुन्यांत बुडत नाहींत आणि मनगट मोकळें राहतें. तो वांक म्हणजे थापीचा प्राण होय. एव्हन्सच्या चित्रांत पान समोर आलें आहे, भाल्याच्या फाळासारखा सुंदर आकार दिसतो आहे, पण तो वांक झांकला गेला आहे. चित्र देखणें आहे. परंतु ज्यानें कधीं थापी पाहिलीच नाहीं त्याला या चित्रावरून ती कशी धरावी हें कळणार नाहीं. सरळ नजर ही नेहमींच खरी नजर असते असें मानणाऱ्यांनीं या चित्रापाशीं अंमळ थांबावें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण पॉल स्ट्रँड याचें. १९१६ सालीं त्यानें वाडग्यांसारख्या घरगुती वस्तु घेऊन व कॅमेऱ्याची नजर मुद्दाम वांकडी करून अशीं चित्रें काढलीं कीं, वस्तु कोणती हेंच क्षणभर कळूं नये, नुसते वळसे व छायाप्रकाशाचे पट्टे दिसावे. ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकाच्या १९१७ च्या शेवटच्या अंकानें स्ट्रँडचीं चित्रें जगापुढें आणलीं. तेथें कल हाच हेतु होता, म्हणून तेथें कल हा दोष नव्हे. आमची तक्रार जाणूनबुजून वांकडें पाहणाऱ्याविरुद्ध नसून, आपण वांकडें पाहत आहों हें ठाऊक नसलेल्याविरुद्ध आहे.

हल्लीं खाद्यपदार्थांचीं चित्रें वरून, ताटाला समांतर घेण्याची जी फॅशन निघाली आहे तिच्याबद्दलही एक शब्द लिहिणें भाग आहे. पानांत डावें-उजवें कसें वाढलें आहे हें दाखवावयाचें असेल तर अशी नजर उत्तम. मिठापासून पापडापर्यंत प्रत्येक पदार्थ आपल्या जागीं दिसतो. पण वाटींतली आमटी गळ्यापर्यंत आहे कीं तळाशीं, हें वरून कळत नाहीं. आणि मोदक वरून टिपणाऱ्यास काय म्हणावें? कळ्या एका बिंदूंत मिळालेल्या दिसतात हें खरें, पण नाक गेलेंच कीं! ज्या वस्तूचा अर्थ एका पातळींत सामावतो तिला समांतर राहावें, जिचा अर्थ उंचींत आहे तिच्याकडे थोडें खालीं बसून, तिरपें पाहावें, हा विवेक ज्याला आहे त्यालाच आम्ही टेबलावरच्या छायाचित्रणाचा कलावंत म्हणूं.

आतां मूळ मुद्द्याकडे, म्हणजे जुन्या कागदांकडे येऊं. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, आणि सरदेसायांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या अवधींत संपादिले. या प्रचंड कामाचा पाया हातानें केलेल्या नकलांवर होता. मोडी वाचून बाळबोधींत उतरविणारा जें वाचील तें वाचकानें मान्य करावयाचें. दुसरा मार्ग नव्हता. छायाचित्रानें हा संबंध पालटला आहे. कागदाची विश्वसनीय प्रतिमा हातीं असली म्हणजे कोंकणांतल्या किंवा परदेशांतल्या एखाद्या जिज्ञासूलाही संपादकाशीं मतभेद करण्याचा अधिकार प्राप्त होतो. हें अक्षर ‘भ’ आहे कीं ‘म’, येथें कागद फाटला आहे कीं मुळांतच जागा सोडली आहे, शेवटचें मोर्तब त्याच शाईचें आहे काय, हे प्रश्न त्यालाही विचारतां येतात. मात्र प्रतिमा विश्वसनीय पाहिजे.

मुद्रेचेंच उदाहरण घ्या. शिवछत्रपतींची राजमुद्रा अष्टकोनी आहे हें सर्वश्रुत आहे. दोन पत्रांवरचे दोन ठसे एकाच शिक्क्याचे आहेत कीं एक बनावट आहे, हें ठरवितांना संशोधक बाजूंचीं मापें, कोन, ओळींमधलीं अंतरें ताडून पाहतो. छायाचित्र वीस अंश कललेलें असेल तर त्या दिशेनें शंभराचे चौऱ्याण्णवच उरतात. खरा ठसा खोटा ठरावा, किंवा खोट्यास पळवाट मिळावी, इतका हा फरक पुरेसा आहे. शेजारीं मोजपट्टी ठेवली म्हणजे झालें असें पुष्कळ समजतात. पट्टी आडवी ठेवली असेल तर ती आडवी लांबी सांगेल. उभ्या दिशेंत काय आकसलें याविषयीं ती मुकी असते. निदान दोन पट्ट्या काटकोनांत ठेवण्याची खबरदारी घ्यावी, पण तीही कित्येक छापील ग्रंथांतून आढळत नाहीं.

येथें आमच्या तरुण मित्रांचा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, आतां संगणक आहे. वांकडें चित्र एका क्षणांत सरळ करतां येतें. मग टेबलापाशीं एवढी यातायात कशाला? हा आक्षेप वरवरचा नाहीं. सपाट पृष्ठभागावरील चार बिंदूंच्या खऱ्या जागा ठाऊक असतील तर त्याची वांकडी प्रतिमा गणितानें बिनचूक सरळ करतां येते, हें आम्ही मान्य करतों. पण या वाक्यांतील प्रत्येक ‘तर’ला मोल आहे. फोनमधील कागद टिपण्याचीं साधनें त्या चार बिंदूंच्या खऱ्या जागा जाणत नाहींत. कागद काटकोनी चौकोनच असणार असें तीं सामान्यतः गृहीत धरतात आणि कडा ओढून तसा तो करून देतात. आजच्या छापील कागदाला हें लागू पडतें. पण हातकागदाची कड सरळ नसते, जुन्या पत्राचा कागद लांबट पट्टीसारखा व कोठें जोड दिलेला असतो, कोपरा कसरीनें खाल्लेला असतो. अशा कागदाला जबरीनें काटकोनांत बसविलें म्हणजे अक्षरेंही त्याबरोबर ओढलीं जातात, आणि हें सर्व इतक्या सफाईनें होतें कीं पाहणाऱ्यास संशयही येत नाहीं. वांकड्या चित्राचा वांकडेपणा निदान दिसतो तरी! शिवाय जी दूरची कड मुळांत कमी तपशिलानें व अस्पष्ट उमटली, तिला ताणून मोठें केलें तरी हरवलेला तपशील परत येत नाहीं. आणि पृष्ठभाग सपाटच नसेल तर गणिताचा पायाच सुटतो. ताम्रपटाच्या कडा, आंतलीं अक्षरें घांसलीं जाऊं नयेत म्हणून, पुष्कळदां उचललेल्या असतात. तिरप्या नजरेला ही उचललेली कड शेजारचीं अक्षरें झांकूं शकते, आणि झांकलेलें अक्षर कोणताही संगणक वाचून देऊं शकत नाहीं.

नाण्यांत तर ही अडचण कमालीची वाढते. शिवराईवर एका अंगास ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ हीं अक्षरें असतात, आणि अक्षरांच्या वळणांवरून व लेखनभेदांवरून अभ्यासक तिचे प्रकार लावतात. अशा नाण्याची मूळ आकाराएवढी प्रतिमा संवेदकावर घ्यावयाची झाल्यास, भिंगाचें छिद्र मध्यम ठेवलें असतां स्पष्ट दिसणारी खोली सुमारें एक मिलिमीटर असते. वीस मिलिमीटर रुंदीचें नाणें तीन अंशांनीं कललें कीं तेवढा एक मिलिमीटर केवळ त्या कलानेंच संपतो. वरचा ‘श्री’ स्वच्छ आणि खालचा ‘शिव’ धूसर, असा प्रकार होतो. नाण्याचा उठाव दिसावा म्हणून कित्येक जण कॅमेराच तिरपा करतात. वास्तविक उठाव दिसतो तो प्रकाश बाजूनें आल्यामुळें. दिवा हवा तितका खालीं व तिरपा न्यावा, भिंगानें मात्र आपली जागा सोडूं नये.

समांतरता साधावी कशी, याचीं साधनें स्वस्त आहेत, हें या विषयांतलें मोठें सुख होय. गवंड्याची पाणसळ टेबलावर ठेवून टेबल सम करावें, मग तीच कॅमेऱ्याच्या पाठीवर ठेवून कॅमेरा सम करावा. दोन्ही पृथ्वीशीं सम, म्हणून परस्परांशीं समांतर. एकच सम करून भागत नाहीं. फोन खालीं वळविला असतां त्याच्या पडद्यावर जीं दोन धनचिन्हें एकमेकांवर येतात, तीं फोन क्षितिजाशीं सम आहे एवढीच ग्वाही देतात. जुन्या वाड्यांतल्या उतरत्या फरसबंदीवरच्या डुगडुगत्या टेबलाविषयीं त्यांना कांहींच ठाऊक नसतें. उभ्या दांड्यावर कॅमेरा खालीं तोंड करून बसविण्याची जी घोडी मिळते (जुन्या एन्लार्जरच्या दांड्यापासून ती कित्येक हौशी लोक घरींच बनवितात) तिचा हातही जड कॅमेऱ्याच्या वजनानें थोडा लवतो, म्हणून तिच्यावरही आंधळा विश्वास ठेवूं नये. चौकटींचा आलेख-कागद वस्तूच्या जागीं ठेवून एक चित्र घ्यावें आणि समोरासमोरच्या कडांवरचे चौकोन मोजून पाहावे, ही शेवटची परीक्षा.

पण या सर्वांत आम्हांस अधिक पटणारी युक्ति आरशाची आहे, कारण तिला टेबल सम असण्याचीही गरज नाहीं. वस्तु जेथें ठेवावयाची तेथें एक लहान सपाट आरसा पालथा न घालतां ठेवावा आणि कॅमेऱ्यांतून पाहावें. आरशांत भिंगाचें प्रतिबिंब दिसेल. आरशाच्या पृष्ठभागावर नव्हे, तर त्या प्रतिबिंबावर नजर जुळवावी; तें आरशापलीकडे तितकेंच आंत, म्हणजे दुप्पट अंतरावर असतें. भिंगाचें वर्तुळ चित्राच्या बरोबर मध्यभागीं येईपर्यंत कॅमेरा हलवावा. भिंगापासून आरशावर टाकलेला लंब जेथें जातो तेथेंच प्रतिबिंब दिसतें; तें मध्यावर आलें याचा अर्थ कॅमेऱ्याची मध्यरेषा आरशाला लंब झाली, आणि म्हणून संवेदक त्याला समांतर झाला. मग कॅमेऱ्याला धक्का न लावतां आरसा काढून घ्यावा, वस्तु ठेवावी, नजर पुनः जुळवावी.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील घरांत पाणी शिरलें, तेव्हां ज्या दफ्तरांच्या ट्रंका भिजल्या त्यांतील कागदांच्या प्रतिमा कोणी घेऊन ठेवल्या नव्हत्या. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन पुस्तकांची व हस्तलिखितांची नासधूस झाली, तेव्हां छायाप्रतींचें महत्त्व पुष्कळांस नव्यानें समजलें. तेव्हांपासून पोथ्या टिपण्याच्या कामास सर्वत्र वेग आला आहे ही आनंदाची गोष्ट आहे. पोथीचीं सुटीं पानें सपाट राहत नाहींत, कडा वळतात, म्हणून त्यांवर स्वच्छ कांच ठेवण्याचा प्रघात आहे. कांच ठेवली कीं तिच्यांत भिंगाचा काळा डोळा अक्षरांवर येऊन बसतो आणि काम करणारे त्रासतात. त्यावर उपाय म्हणजे मध्यें भिंगापुरतें भोंक पाडलेलें काळें कापड कॅमेऱ्यापुढें लावणें, आणि तो करावाच. आमची सूचना एवढीच कीं, कापड लावण्यापूर्वीं तो डोळा पानाच्या नेमक्या मध्यावर आहे कीं कडेला सरकला आहे, हें एकदां पाहून घ्यावें.